एकमताची अडचण

दोघींनी एकाच बाईंचं नाव सांगितलं आणि बैठकीतल्या सगळ्यांचे चेहरे पडले.

पदवीदान समारंभाला प्रमुख पाहुणे म्हणून कुणाला बोलवायचं, एवढाच विषय होता. पण हे घोडं दर वर्षी अडायचं. एका बाजूने नाव सुचवलं की दुसरी बाजू ते खोडायची, आणि शेवटी कुलगुरू स्वतःच भाषण करायचे. ते एकदा उभे राहिले की पुढच्या रांगेतले पालकसुद्धा माना टाकत.

यंदा मात्र विद्यार्थ्यांच्या दोन्ही संघटनांच्या मुली एकच नाव घेऊन आल्या होत्या. तुरुंगात कैद्यांना गणित शिकवणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका. एकीला त्या शिस्तीच्या वाटल्या, दुसरीला बंडखोर. त्यांचं भाषण ऐकावं असं दोघींनाही वाटलं.

"दोघींना चालतात?" अर्थशास्त्राच्या सरांनी पेनचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. "म्हणजे त्या नक्की कुणाच्या आहेत?"

"कुणाच्याच नाहीत, सर."

"असं कुणी नसतं, बाळ."

इतिहासाच्या मॅडम दुसऱ्या बाजूच्या, सरांशी कधीच सहमत नसत. आज झाल्या. "त्यांच्या बाजूने इतक्या सहज होकार दिला, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय," त्या म्हणाल्या.

कुलसचिवांनी घड्याळाकडे पाहिलं आणि चहापुरती बैठक थांबवली. चहानंतरही ठरलं नाही तर कुलगुरू होतेच.

दोघी बाहेर येऊन येरझारा घालू लागल्या. एकीला आजी म्हणत, कारण ती पहिल्या वर्षापासून हॉस्टेलच्या खोलीतले दिवे आणि नळ तपासत फिरायची. दुसरी झिपरी, आणि तिचं कारण तिच्या डोक्यावरच होतं. एका खोलीत राहत असताना दोघींनीच एकमेकींना ही नावं ठेवली होती. मग विद्यापीठाची निवडणूक आली. दोघी समोरासमोरच्या संघटनांत गेल्या, झिपरीने खोली बदलली आणि बोलणं बंद झालं ते वर्षभर. या पाहुण्यांच्या निमित्ताने ते पुन्हा सुरू झालं होतं, आधी कामापुरतं आणि मग कामाशिवायही. आजीला ते फार हवं होतं. खरं सांगायचं तर भाषण कोण करतंय याचं तिला आता फारसं पडलेलं नव्हतं. झिपरीने पुन्हा तोंड फिरवू नये, एवढंच तिला वाटत होतं.

"आपलं चुकलं," झिपरी नखं खात म्हणाली. "त्यांना आयतं नाव नकोय. भांडून मिळालेलं हवंय."

"मग भांडू या की."

"म्हणजे?"

"तू तुमच्यातलं सगळ्यात जहाल नाव काढ. मी आमच्यातलं काढते. इतकं भांडायचं की त्यांनीच हात जोडून मधलं नाव धरावं."

झिपरी खुदकन हसली. कितीतरी दिवसांनी दोघी एका बाजूला होत्या.

चहानंतर खोलीचा नूरच पालटला. आजीने एका निवृत्त लष्करप्रमुखांचं नाव काढलं, झिपरीने संपांत आयुष्य घालवलेल्या एका कामगार पुढाऱ्याचं. सर खुर्चीत सावरून बसले. मॅडमनी बाह्या सरसावल्या. सकाळपासून अवघडलेली ती माणसं आता कुठे घरी आल्यासारखी दिसू लागली.

"तुमच्या लोकांना दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवयच नाही!" आजीने टेबलावर हात आपटला. छान जमलं होतं.

"आणि तुमच्या लोकांना आहे?" झिपरी उभी राहिली. "निवडणुकीच्या दिवशी तुमच्या पोरांनी मला हॉस्टेलच्या फाटकात घेरलं. बॅग फाडली, केस ओढले. आणि तू वर आपल्या खोलीच्या खिडकीत उभी होतीस. बघत होतीस."

आजीचा हात टेबलावरच राहिला. हे ठरलेलं नव्हतं. आपण वेळेवर पडद्याआड झालो, असं ती वर्षभर स्वतःला सांगत आली होती. झिपरीने त्या गर्दीतून वर पाहिलं होतं, हे तिला ठाऊकच नव्हतं.

"बरं, बरं, वैयक्तिक नको," कुलसचिव घाईघाईने म्हणाले. "ही दोन्ही नावं बाजूला ठेवू. त्या गणिताच्या बाई काय वाईट आहेत?"

"तडजोड म्हणून चालतील," सर म्हणाले.

"तडजोड म्हणूनच," मॅडमनी लगेच बजावलं.

कुलसचिवांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी नाव लिहून घेतलं आणि कुणाचं मत बदलायच्या आत बैठक संपवली. मॅडम जाता जाता दोघींच्या पाठीवर थोपटून म्हणाल्या, "बघा, मन मोकळं केलं की सुटतं सगळं."

झिपरी बॅग उचलून भराभर चालू लागली. आजीने तिला जिन्यापाशी गाठलं. तिला धाप लागली होती.

"ते भांडणापुरतं होतं ना गं?"

"सुरुवातीला होतं."

खालच्या मजल्यावर कुणीतरी खुर्च्या ओढत होतं.

"मी खाली येणार होते," आजी म्हणाली.

"वर्ष झालं," झिपरी म्हणाली. तिने बॅगचा पट्टा खांद्यावर चढवला, एक पाय पायरीवर ठेवला, आणि तशीच उभी राहिली.