नवा प्रिंटर

अंधेरीच्या रक्तपेढीतला कॉम्प्युटर भरदुपारी तिसऱ्यांदा बंद पडला, तेव्हा तिथल्या कर्मचारी प्रेमाने तो पुन्हा चालू केला. समोर वर्सोव्याचा हरेश्वर उभा होता. बाळंतीण बायकोचं रक्त थांबत नव्हतं. तिला दुर्मीळ बॉम्बे गटाचंच रक्त चालणार होतं आणि त्या गटाच्या दात्यांची यादी फक्त मशीनमध्ये होती. “ताई, माझी कमळ वाचेल ना?” प्रेमा मशीनकडे वळली. कालपर्यंत धड चालणारं मशीन आजच का बिघडावं? सकाळी नव्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर घातलं होतं! तिने प्रिंटरची वायर उपटली; तरी मशीन बंद पडलं. मग ते सॉफ्टवेअर नसलेल्या जुन्या फ्लॉपीवरून मशीन चालू केलं. यादी उघडली. तिने यादीतल्या जोगेश्वरीच्या दात्याचा नंबर फिरवला. “काशीराम आहेत?” “मीच.” ‘रक्तपेढी’ म्हणताच तिला रडू फुटलं. “रडू नका,” तो म्हणाला, “कुठल्या हॉस्पिटलात येऊ, सांगा.”