चेहरा झाकलेला खेळाडू

पडद्यावरच्या खेळाडूचा चेहरा पुसट होता आणि त्यातच सगळी गंमत होती. रग्बी लीगच्या त्या साप्ताहिक कार्यक्रमाचा शेवट दर गुरुवारी असाच व्हायचा. जुन्या सामन्यातली एखादी फजिती दाखवायची आणि स्टुडिओत बसलेल्या माजी खेळाडूंनी गडी ओळखायचा. आज त्या माजी खेळाडूंपैकी लाफाएलेचा वाढदिवस, म्हणून निर्माती ग्लेनिसने मुद्दाम त्याचीच फजिती शोधून काढली होती. सतरा वर्षांपूर्वीचा, ब्रिस्बेनमधला अंतिम सामना. काचेमागच्या खोलीत बटणावर बोट ठेवून ती गालातल्या गालात हसत होती.

चित्रफितीत तिघांनी मिळून त्या खेळाडूला डोक्यावर आपटलं. तो उठला, चेंडू जमिनीवर ठेवला आणि नेहमीसारखा पायाने मागच्या साथीदाराकडे सरकवला. फक्त तो स्वतः उलटा उभा होता. चेंडू अलगद प्रतिस्पर्ध्याच्या हातात गेला.

प्रेक्षकांची हसून पुरेवाट झाली. सगळ्यांत मोठ्याने लाफाएले हसत होता.

"कोण रे हे येडं? आपण कुठल्या बाजूने खेळतोय तेही कळेना याला."

"नीट बघ, लेका," सूत्रसंचालक ब्रेट म्हणाला. "चांगला ओळखतोस तू त्याला."

"असली गाढवं नाहीत बाबा माझ्या ओळखीत."

"दाढी करताना रोज भेटतो की तुला," शेजारचा डगी म्हणाला.

लाफाएलेने डगीकडे निरखून पाहिलं. "म्हणजे तू होय? तरीच."

पुन्हा हशा उसळला. ग्लेनिसही हसली, पण अर्ध्यावरच थांबली. सहा वर्षं ती काचेमागून या माणसाला बघत-ऐकत होती. थाप मारायच्या आधी तो कान खाजवायचा, न चुकता. आत्ता त्याचे दोन्ही हात टेबलावर होते. तिने बटणावरचं बोट उचललं.

"चल ग्लेनिस, दाखव तोंड," ब्रेट म्हणाला.

कार्यक्रम थेट चालला होता. दाबू नये, असं तिला अगदी आतून वाटलं. तरी सवयीच्या बोटाने बटण दाबलंच, आणि त्या बोटाचा तिला भयंकर राग आला.

चेहरा स्पष्ट झाला, खाली सामन्याचं साल उमटलं. तीच फाटकी भुवई, तोच जबडा. टाळ्यांचा कडकडाट झाला. लाफाएले पडद्याकडे बघतच राहिला. मग सगळ्यांचं हसून झाल्यावर तो हसला.

"पकडलंत बुवा," तो म्हणाला.

जाहिराती लागल्या. "काय नाटक केलंस रे," म्हणून ब्रेटने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि तो डगीला घेऊन केक आणायला गेला. लाफाएले टेबलाशी एकटाच उरला. त्याच्या कॉलरवरचा माइक चालू होता, कानात ग्लेनिसचा आवाज पोचवणारा इयरफोनही.

"ग्लेनिस, ऐकू येतंय का गं?"

"बोल."

"त्या सामन्यात आम्ही जिंकलो होतो का?"

काचेपलीकडे लाफाएलेने बोटातली जाडजूड सोन्याची अंगठी काढली. विजेत्या संघातल्या प्रत्येकाला मिळते तसली. दिव्याखाली धरून, डोळे बारीक करून तो तिच्यावर कोरलेलं साल वाचू लागला.

"असू दे, नको सांगूस," तो म्हणाला. "जिंकलेलो दिसतोय."