एक माणूस कमी

“मावशी, आज हा देश मी वाचवणार!” श्रीरंगनं छाती ठोकून सांगितलं.

“तू? कळा तुझी बायको सोसतेय!” सुईण दमयंतीमावशी खेकसल्या.

युरोपातल्या चिमुकल्या मोंटाल्वमध्ये वर्षानुवर्षं फक्त म्हातारे वाढत होते. प्रसूतिगृहाचाही वृद्धाश्रम झाला, म्हणून केतकीची खाट संसदेतच टाकलेली. भिंतीवरचं यंत्र हद्दीत श्वास घेणारी माणसं मोजत होतं. बाराच्या ठोक्याला ती दहा हजार भरली नाहीत, तर देश शेजाऱ्यात विलीन होणार होता. एकच माणूस कमी होता.

पंतप्रधान नखं खात होते. बाराला दोन मिनिटं असताना मुलगी रडली आणि आकडा बरोबर दहा हजार झाला. खासदार एकमेकांच्या गळ्यात पडले.

मावशींनी नाळ कापून वर पाहिलं, तर आकडा पुन्हा एकानं उतरलेला.

“कोण मेलं?” पंतप्रधान किंचाळले.

मावशी खिडकीकडे धावल्या. संसदेच्या मागच्या फाटकापलीकडे शेजारचा देश लागायचा. तिथं श्रीरंग पेढ्यांचा डबा घेऊन तिथल्या शिपायापुढे उभा होता.

“अरे मेल्या, आत ये!”

“आलोच मावशी, यांचं तेवढं तोंड गोड करतो!”

बाराचे ठोके पडले. पलीकडच्या शिपायानं पेढा खाल्ला आणि आणखी एक मागितला.