गटांगळी चषक

“आणि या वर्षीचा गटांगळी चषक,” कप्तानाने टेबलावरचं टमरेल उंच धरलं, “आपल्या वायरमनला!”

होड्यांच्या शेडवरचा हॉल टाळ्यांनी दणाणला. चषक कसला, होडीतलं पाणी उपसायचं पोचे आलेलं पत्र्याचं टमरेल ते. वर्षभरात जो सर्वांत जास्त वेळा पाण्यात पडेल, त्याला हिवाळ्यातल्या जेवणाच्या दिवशी ते मिळतं आणि त्याने खिळ्याने त्यावर आपलं नाव कोरायचं असतं. हसं होतं खरं, पण टमरेल मिळालं की माणूस क्लबचा झाला, असं सगळे मानतात. वायरमन मात्र जागचा हलेना. कानाची पाळी खाजवत तो आपल्या ताटात बघत बसला.

“हा नंतर घेईल,” म्हणत कप्तानाने टमरेल खाली ठेवलं आणि हिवाळ्याचा कार्यक्रम सांगायला घेतला. रविवारी सकाळी नदीत फेरी आणि वर आल्यावर गरम सूप. होड्या घासून पॉलिश करायचा दिवस. मग यंत्रावर वल्हवायची शर्यत, जिच्यात दरवर्षी कुणाची तरी पँट उसवतेच. “आणि शेवटी एक खास गोष्ट. आपल्या डॉक्टरीणबाईंना क्लब आजपासून मानद सदस्य करून घेतोय!”

फुलांचा गुच्छ पुढे आला. मानद सदस्याला गॅलरीत काचेपाशी वेताची खुर्ची मिळते, चहा हातात मिळतो. होडी मिळत नाही.

डॉक्टरीणबाई अडुसष्ट वर्षांच्या. जन्मभर त्यांनी लोकांचे दात काढले आणि दवाखाना बंद केल्यावर याच वर्षी वल्ही हातात धरली. एकटीच्या अरुंद होडीत बसायच्या, चार हात जायच्या आणि पडायच्या. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात, पण यांचं सगळं उलटंच होतं. आज पडल्या की उद्या सगळ्यांच्या आधी धक्क्यावर हजर. ओले केस पिळत “उजवा हात घाई करतोय माझा,” असं स्वतःलाच रागवायच्या. या बाईंना बघून क्लबातल्या निम्म्या आळशांनी पहाटेचे गजर लावले होते, हे कुणी त्यांना कधी सांगितलं नव्हतं एवढंच.

त्या उठल्या. गुच्छ घेतला, शेजारी बसलेल्या सुनेच्या मांडीवर ठेवला आणि वायरमनकडे वळल्या.

“तू किती वेळा पडलास रे?”

“दोनदा,” वायरमन पुटपुटला. “त्यातलं एकदा धक्क्यावरून. ते धरतात की नाही, माहीत नाही.”

हॉलमध्ये हशा पिकला. बाई हसल्या नाहीत. त्या कप्तानापुढे जाऊन उभ्या राहिल्या. कप्तान चांगला सहा फुटी गडी, पण लहानपणी तो त्यांच्याच खुर्चीत आ वासून बसला होता आणि आता पुन्हा तसाच दिसत होता.

“अरे, तुझी दाढ काढली तेव्हा तू एवढासा होतास. दुखणार नाही, असं सांगितलं होतं का मी तुला?”

“नाही, डॉक्टर. दुखेल म्हणाला होतात. माझा हात धर, म्हणाला होतात.”

“मग आज मला गोड बोलून खुर्चीत का बसवतोयस?”

कप्तानाने एकदा सुनेकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

“त्यांना काही बोलू नका, आई,” सून म्हणाली. गुच्छ तिने घट्ट धरला होता. “मीच गेले होते त्यांच्याकडे. थंडीचं पाणी आहे. तुम्ही पहाटे दार ओढून घेता ना, तेव्हापासून तुम्ही परत येईपर्यंत माझ्या जिवात जीव नसतो.”

डॉक्टरीणबाईंचा आवाज एकदम खाली आला. “भीती मलाही वाटते गं. रोज वाटते. जाकीट घालते, मोटरबोट मागे असल्याशिवाय धक्का सोडत नाही. पण त्या खुर्चीत बसले ना, की मी पुन्हा उठायची नाही. ती भीती मोठी आहे.”

वायरमन उठला. त्याने टमरेल उचललं, कोटाच्या बाहीने पुसलं आणि दोन्ही हातांनी बाईंपुढे धरलं. “माझ्याच्याने नाही पेलायचं हे. तुमच्या हक्काचं आहे.”

बाईंनी ते घेतलं आणि चष्मा वर सरकवून त्याच्यावरची नावं वाचली. सगळ्यांत वर वेड्यावाकड्या अक्षरांत कप्तानाचं नाव होतं, एकाखाली एक तीनदा. त्या कितीतरी वेळ त्या नावांवरून बोट फिरवत राहिल्या. मग त्यांनी हात पुढे केला आणि कप्तानाने खिशातला खिळा निमूट त्यांच्या तळहातावर ठेवला.

गोल पत्रा टेबलावर ठरेना. खिळा सारखा घसरत होता. सगळा हॉल उभा राहून बघत होता, पण मदत करायची कुणाची छाती होईना. तेवढ्यात सुनेने गुच्छ बाजूला ठेवला आणि पुढे येऊन टमरेल दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरलं.

बाईंनी पहिलं अक्षर चांगलं ठळक ओढलं.

“जरा बारीक काढा, आई,” सून म्हणाली. “पुढच्या वर्षीसाठी खाली जागा ठेवा.”