बाबांचा शर्ट

अपंगत्वाचा भत्ता नाकारल्याचं पत्र मी बाबांपुढे ठेवलं. तपासणीच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं, ‘शर्टाची बटणे स्वतः लावतात, सबब शिवणकामास सक्षम.’ अर्धांगवायूनंतर बाबांचा उजवा हात मांडीवर पडून असतो. “बाबा, अपिलाचा आज शेवटचा दिवस. करायचं का?” “राहू दे.” “अहो, सांगून टाका तिला,” आई म्हणाली. बाबांनी डाव्या हाताने शर्ट ओढला, तसा तो टिचटिच करत उघडला. वरची बटणं नुसती शोभेची; काजं शिवून बंद, आत टिचबटणं. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांचे शर्ट शिवलेल्या शिंप्याने लाजेपायी हे डॉक्टरांपासून लपवलं होतं, माझ्यापासूनही. “बघत काय बसलीस? लिही अपील. हा शर्ट पुराव्याला जोड.” मी पेन उचललं. “आणि ठळक लिही,” बटणपट्टी डोळ्यांजवळ नेत बाबा म्हणाले, “हे वाकडे टाके तुझ्या आईचे. माझे नाहीत.”