सीताफळाची वाटी

"ह्यांना यातलं अक्षरही सांगायचं नाही," डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडताना कालिंदीबाईंनी मुलाला बजावलं. देवेशनं रिपोर्टची घडी घालून तो खिशात ठेवला.

लक्ष्मणरावांच्या जठरातल्या गाठीचा तुकडा तपासून आला होता. तिच्यातली कोणती जनुकं जागी आहेत नि कोणती निजलीत, हे त्यात बघतात म्हणे. पेशींना आवर घालणारी गप्प पडली होती, पसरवणारी जोमात होती. अशी गाठ औषधाला दाद देत नाही. "आता पथ्य नको. आवडेल ते मऊसर द्या," एवढंच डॉक्टरीणबाई शेवटी म्हणाल्या.

बाहेर बाकावर लक्ष्मणराव वाट बघत होते.

"काय म्हणतो रिपोर्ट?"

"चांगलाय," कालिंदीबाईंनी सांगून टाकलं. "नवं औषध लागू पडेल म्हणाल्या."

त्यांच्या ओढलेल्या चेहऱ्यावर उजेड आला. "मग दिवाळीला गंगापूर! मोतीरामला फोन लाव. म्हणावं, बुद्धिबळाचा पट पुसून ठेव. हरायला तयार राहा." फोन झाल्यावर गाडीत ते चक्क गुणगुणत होते.

गारखेड्यात गल्लीच्या तोंडाशी एक बाई दौलताबादची सीताफळं घेऊन बसली होती. कालिंदीबाई गाडीतून उतरल्या. लग्न नवं होतं तेव्हा किल्ल्याच्या पायथ्याशी बसून ह्यांनी अर्धी पाटी फस्त केली होती. बिया कोण लांब उडवतो, अशी पैजही लावली होती. डोळे उघडलेलं एक फळ त्यांनी निवडून घेतलं.

घरी बिया काढून गर वाटीत घेतला, चमचा भरून पुढे धरला. "घ्या. घशाखाली सहज उतरेल."

लक्ष्मणराव वाटीकडे बघत राहिले. मग कालिंदीबाईंकडे.

लहानगा देवेश टायफॉइडातून उठला, तेव्हा काशीला जाऊन त्यांनी सीताफळ सोडलं होतं. जन्मभरासाठी. सोडलं त्यांनी, राखण केली कालिंदीबाईंनी. देवेशच्या लग्नात सीताफळाच्या बासुंदीची वाटी त्यांच्या ओठांपर्यंत गेली होती. भरल्या पंगतीत कालिंदीबाईंनी ती हिसकावून घेतली होती. "जिवात जीव आहे तोवर नाही म्हणजे नाही!"

चमचा अजून हवेतच होता.

"कालिंदी," ते हळूच म्हणाले, "मोतीरामला पुन्हा फोन कर. येत नाही म्हणावं."

आणि त्यांनी आ केला.