आजोळची कुंची

बारशाला घर बायकांनी भरलं होतं. गौतमीने वडिलांनी आणलेली पिशवी उघडून बाळासाठी कुंची बाहेर काढली. पिवळ्या खणाची ती कुंची एका बाजूने आखूड होती आणि टाके वेडेवाकडे पडले होते. मागून कोणीतरी हसलं.

"ही राहू दे. आपण जरीची आणली आहे ना, ती घाल," सासूबाई हळूच म्हणाल्या. "फोटो काढायचेत."

वडील दाराशी बसले होते. आई गेल्यापासून ते एकटेच राहत. अर्धांगाच्या झटक्याने उजवा हात लुळा पडला होता. कुंची आजोळहून द्यायची असते, हे शेजारणीकडून कळल्यावर ते डाव्या हाताने शिवायला बसले होते.

"त्या म्हणतात तसं कर, पोरी," म्हणत त्यांनी चिकटपट्ट्या लावलेली बोटं खिशात लपवली.

गौतमीला ती बोटं दिसली. तिने बाळाच्या डोक्यावर तीच कुंची चढवली आणि हनुवटीखाली बंद बांधले.

"आई, जरीची उद्या घालीन. आज फोटो हिच्यातच निघतील."

"अगं, लोक काय म्हणतील?"

"विचारलं तर सांगा, आजोबांनी स्वतः शिवली आहे. आणि हसायचं असेल त्यांनी माझ्याकडे बघून हसावं."

कोणी हसलं नाही. गौतमी दाराशी गेली आणि वडिलांना हाताला धरून उठवू लागली.

"अगं, हा बायकांचा कार्यक्रम," ते पुटपुटले.

"असू दे. पाळण्याची पहिली दोरी तुम्हीच ओढायची, बाबा."

सासूबाईंनी पाळण्याजवळची खुर्ची व्याह्यांसाठी पुढे सरकवली.